आधी फाटक

एप्रिलचा दुसरा आठवडा. औलु शहर. रात्रीचे अकरा,
आणि उत्तरेकडे अजून उजेडाची एक चीर.
माझ्या टेबलावर करडी पेटी:
हाइलुओतो बेटाच्या बर्फरस्त्यावर हिवाळाभर उभी राहून
समुद्राच्या सायीची जाडी मोजायची ती.
आज सतराव्यांदा कोसळली.
चार हजार वेळा ड्रायव्हर चढवला-उतरवला, त्यात सतरा.
बाकी वेळी शहाण्या लेकरासारखी निजते,
हेच तर वाईट.

लॉग म्हणतो, जिथं काही नाही
तिथं कुणीतरी हात घातला.
होतं तिथं. क्षणापूर्वी होतं.
मीच मोकळं केलं, तीन वर्षांपूर्वीच्या माझ्याच ओळीत,
वर टिपणही माझं: आता आवराआवर.

बफर परत केला, पॉइंटर पुसला,
आणि सगळ्यात शेवटी, दिवा मालवून उंबऱ्याशी आल्यावर
इंटरप्टला सांगितलं, आता येऊ नकोस.
तो निघाला होता.
दुसऱ्या कोअरवरून, धापा टाकत,
बर्फाची एक बातमी मुठीत घेऊन.
त्याला काय ठाऊक, त्याचा पाट उचललाय,
त्या जागी आता भलत्याच कुणाचा संसार.
तो सवयीनं बसला.
कर्नल कोसळला.

याल्मारी म्हणाला, झेंडा लाव एक,
हँडलरनं आत येण्याआधी बघावं घर आहे का.
लावून पाहिला.
ज्या काठीला झेंडा, ती काठी
त्याच जमिनीत रोवलेली. जमिनीबरोबर तीही गेली.
आम्ही हसलो. मग हसलो नाही.

माझे वडील, युर्यो, सव्वीस हिवाळे बर्फरस्त्यावर.
वसंतात रस्ता बंद करायचा दिवस आला
की आधी फाटक पाडायचे.
मग काहीच करायचे नाहीत.
थर्मास उघडून बसायचे काठावर,
बर्फावर निघालेले दिवे मोजत:
टपालाची गाडी, एखादं जुनं ट्रॅक्टर, अजून एक कुणीतरी, हळू.
शेवटचा दिवा ह्या काठाला लागेपर्यंत
खुणेच्या एकाही फांदीला हात नाही.

एका वर्षी एका नव्या पोरानं
लवकर घरी जायचं म्हणून फांद्याच आधी उपटल्या.
पाववाली साइमी मध्यावर होती, अंधारात, भुरभुरत्या हिमात.
पहाटेपर्यंत हॉर्न वाजवत बसली.
वाचली.
तो पोरगा कोण, वडील कधी बोलले नाहीत.
आईनं सांगितलं, ते गेल्यावर.

तीन ओळी खाली सरकवल्या, एवढंच.
आधी पेटीला गप्प केलं.
मग इंटरप्ट सोडला; ती ओळ परतच येत नाही
आत गेलेला शेवटचा बाहेर पडेपर्यंत.
थांबणं तिच्यातच आहे, मला वेगळं लिहावं लागत नाही.
त्यानंतर मेमरी.

आणि अजून एक, लाजिरवाणं:
चूक दिसली की हँडलर स्वतःच आत बसून भांडी विकत होता.
जिथं डुलकीलाही मनाई,
तिथं कुलपासाठी ताटकळत उभा.
त्याला सांगितलं, बाबा, तू चिठ्ठी टाक नि नीघ.
धुणंभांडी करणारा मागून येईल,
त्याला वेळ आहे, त्याला झोपता येतं.

पॅचवर कारण लिहायचं होतं.
साइमीचं नाव लिहिलं, खोडलं.
लिहिलं: क्रम बदलला.

आता पेटी निजते, उठते, निजते.
सहा हजार. नऊ हजार.
याल्मारी घरी गेला.
मी थर्मासमधली कॉफी ओतली, पाय खुर्चीवर घेतले.
हिरवा दिवा. हिरवा दिवा.
जरा थांबून
हिरवा.